पंचवीस ग्रादचा टर्बो

ग्वोझ्देनने बत्तीस वर्षं दुधाची गाडी चालवली, आणि या बत्तीस वर्षांत त्याने रस्त्यावर एकाही वाहनाला मागे टाकलं नाही. टाकणार कसं? मागे दुधाचे चाळीस कॅन. जरा वेग घेतला की डेअरीत दुधाऐवजी लोणी पोचायचं आणि मॅनेजर तोंडाला येईल ते बोलायचा. लिपोव्हाकपासून चाचाकपर्यंतच्या रस्त्यावर त्याला मोटारींनी मागे टाकलं, ट्रकांनी टाकलं, शाळेच्या बसने टाकलं, दोनदा तर ट्रॅक्टरनेही टाकलं. एकदा गावचे धर्मगुरू सायकलवरून पुढे निघून गेले आणि जाता जाता हात वर करून आशीर्वाद देऊन गेले. तो आशीर्वाद ग्वोझ्देनला अजून झोंबतो.

असा माणूस निवृत्त झाल्यावर मधमाश्या पाळतो, किंवा फाटकाला रंग देतो. ग्वोझ्देनने आपल्या जुन्या लाल गाडीसाठी टर्बो मागवला.

त्याला वेड लागलं असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. पण वेडाला कारण होतं, आणि ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. थोरल्या भाच्याचं लग्न. वऱ्हाड नवरी आणायला निघालं की सगळ्यांत पुढे झेंड्याची गाडी, आणि झेंड्याचा मान मामाचा. झेंड्याच्या पुढे कुणी जायचं नाही, झेंड्याने मागे फिरायचं नाही. हे इतकं साधं. पण ओसोये गावाला जायचं म्हणजे कोबिलाचा चढ, आणि त्या चढाच्या चौथ्या वळणावर, एका मोठ्या दगडापाशी, लाल गाडीने जीव सोडला. धूर, वास, सगळं यथासांग. मागून वऱ्हाडातला मिलोय्को आला. हा विएन्नात टाइल्स बसवतो आणि दर उन्हाळ्यात आदल्या वर्षीपेक्षा मोठी काळी गाडी घेऊन येतो. त्याने हसत हसत झेंडा मागून घेतला, आपल्या खिडकीत अडकवला आणि वरात घेऊन पुढे गेला. लग्नाच्या व्हिडिओत लाल गाडी बरोबर अकरा सेकंद दिसते, धुरासकट. दरवर्षी कुलदैवताच्या सणाला पाहुणे जमले, जेवणं झाली, की बहीण हौसेने तो व्हिडिओ लावते. ग्वोझ्देन त्या वेळी सरपण आणायला जातो.

आता धाकटा भाचा वुयिचा बोहल्यावर चढणार होता. मुलगी पुन्हा ओसोयेचीच. जगात दुसरं गाव नव्हतंच जणू! आणि वुयिचानंतर घराण्यात लग्नाचं कुणी उरत नव्हतं. म्हणजे झेंडा घेऊन कोबिला चढायची ही शेवटची संधी. ही हुकली की ग्वोझ्देन मरेपर्यंत अकरा सेकंदांचाच राहणार होता.

"मग नवी गाडी घे ना," त्याची बायको स्तामेना म्हणाली.

"याच गाडीतून तुला आणलं मी."

"मला आणलं तेव्हा सपाटीवरून आणलं. माझं माहेर खाली आहे."

यावर ग्वोझ्देनने सुरी आणली. आणि खोकं उघडलं.

खोकं पोलंडहून आलं होतं. आत इंजिनात जादा हवा कोंबणारा, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला टर्बो, वाकड्यातिकड्या नळ्या, रबरी होज, प्रेशरचा काटा आणि माहितीपत्रक. सगळं पोलिशमध्ये. गावचा मेकॅनिक चेदोमिर म्हणाला, "वाचतो मी. आपलीच भाषा आहे, फक्त तोंडात खिळे धरून बोलायची." चेदोमिर सत्तेचाळीस वर्षांचा, डाव्या कानाने ठार बहिरा. इंजिनाची नाडी बघायला तो बागेच्या होजचा मीटरभर तुकडा वापरायचा. एक टोक इंजिनाला, एक टोक उजव्या कानाला. निदान मात्र कायम एकच: "हे फार दिवस चालणार नाही." ग्राहकाच्या तोंडावर असं सांगणारा मेकॅनिक गावात दुसरा नव्हता, म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

पहिली अडचण अशी की टर्बो बसवायला जागाच नव्हती. या गाडीचं जादा चाक बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर असतं. ते काढलं. बॅटरी काढून मागच्या सीटखाली ढकलली. चाक कुठे ठेवायचं? डिकीत स्तामेनाच्या लोणच्याच्या बरण्या, त्या हलवायच्या नाहीत हा घरचा कायदा. मग चाक मागच्या सीटवर बसवलं.

"आणि लग्नाला मी कुठे बसू?" स्तामेनाने विचारलं.

"चाकाशेजारी."

"तीस वर्षं संसार केला, त्याचं हे फळ. चाकाशेजारी!"

चार दिवस ठोकाठोक चालली. एक्झॉस्टचा जुना पाइप कापला, टर्बो मध्ये घातला, तेलाची नळी जोडली, हवेची नळी कार्ब्युरेटरवर आणली. होजचे पट्टे कमी पडले तेव्हा ग्वोझ्देनने दूध काढायच्या जुन्या मशीनचे पट्टे आणले. पाचव्या दिवशी गाडी सुरू केली. काटा वर चढला, शीळ घुमली, ग्वोझ्देनने पाय सोडला आणि टर्बोने कोंडलेली हवा बाहेर टाकली: फिस्स्स! स्तामेनाच्या कोंबड्यांनी त्या दिवसापासून आठवडाभर अंडी दिली नाहीत. ग्वोझ्देन मात्र गाडीतून उतरला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

पण चढावर जोर दिला की इंजिनाच्या पोटातून टकटक यायची. पत्र्याच्या डब्यात अक्रोड हलवावेत तशी. चेदोमिरने होज कानाला लावली आणि नाक मुरडलं. "हवा तापतेय. पिस्टन फुटेल. हे फार दिवस..."

"पुढचं नको सांगूस. उपाय सांग."

चेदोमिरने माहितीपत्रकाचं शेवटचं पान काढलं. तिथे चित्र होतं: एक छोटी बाटली, एक बारीक फवारा. काटा ठरावीक रेघेवर गेला की इंजिनाच्या हवेत फवारा उडतो आणि हवा थंड होते. "यात भरायचं अर्धं पाणी आणि अर्धं स्पिरिट," चेदोमिर खिळे चावत चावत वाचू लागला.

ग्वोझ्देन थबकला. "अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट?"

"असं लिहिलंय."

"अरे, मग ती माझी राकिया झाली!"

चेदोमिरने पान पुन्हा वाचलं. बरोबर होतं. ग्वोझ्देनने घरी गाळलेली आलुबुखाराची राकिया वीस ग्राद कडक, म्हणजे निम्मं स्पिरिट आणि निम्मं पाणी, मोजून. पोलंडच्या माणसांनी एवढा अभ्यास करून शोधलेली वस्तू त्याच्या तळघरात पिंपात भरून पडली होती.

त्यांनी खात्री करून घेतली. आधी म्हाताऱ्या आत्याची सफरचंदाची बारा ग्रादची मिळमिळीत राकिया घातली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठसकली, खोकली, थांबली. मग ग्वोझ्देनची वीसची घातली. टकटक गायब. गाडी कोबिलाच्या पायथ्याचा अर्धा चढ अशी गेली की चेदोमिर आयुष्यात पहिल्यांदा निदान सांगायला विसरला. त्याने कार्ब्युरेटरचे जेट बदलले, टायमिंग केसभर मागे घेतलं, स्क्रू नेमक्या जागी आणून त्यावर स्तामेनाच्या नेलपॉलिशची लाल खूण केली.

"आता ऐक," तो म्हणाला. "हिला वीसची सवय लावलीय. वीसच्या खाली दिलीस तर ठसकणार. पाणी जास्त झालं की हिचा घसा बसतो."

हे सगळं कुंपणावरून बघत होता ओब्राद, ग्वोझ्देनचा कूम. ग्वोझ्देनच्या लग्नात मुकुट धरणारा, त्याच्या दोन्ही मुलींना नाव देणारा. असा माणूस सख्ख्या भावापेक्षा जवळचा, आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. दोन वर्षांपूर्वी बेलग्रेडला ओब्रादचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्याला दोनच विषय होते: छातीवरची शिवण आणि स्वतःची राकिया.

"वीस ग्राद?" तो कुंपणावर रेलून म्हणाला. "वीसने बाळाला अंघोळ घालतात, कूम. माझी पंचवीसची! मी रोज पाच ग्लास घेतो आणि सरळ रेषेत घरी चालत जातो. हे असं हृदय असून!"

"तुझी गोष्टच वेगळी, कूम," ग्वोझ्देन म्हणाला. तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

लग्नाच्या शनिवारी सकाळी बहिणीच्या अंगणात वऱ्हाड जमलं. कोटांना रोझमेरीच्या काड्या टोचलेल्या, गाड्यांना टॉवेल बांधलेले, तुतारीवाले भाड्याच्या व्हॅनमधून उतरलेले. आणि ग्वोझ्देनने बॉनेट उघडून ठेवलं होतं. ठेवायला नको होतं, पण एवढी मेहनत करून झाकून कोण ठेवेल? लोक आले, वाकले, आणि त्यांना बाटली दिसली.

"हे काय? गाडीला राकिया?"

"चाखून बघतो जरा."

चाखण्यावर कुठे थांबतंय! बाटली हातोहात फिरली. लग्नाचं आमंत्रण द्यायला निघतात तेव्हा जी बुधली घेऊन फिरतात, तिचा रिवाज तुम्हाला माहीत आहे: घोट घ्यायचा आणि शेवटचा घोट घेईल त्याने आपल्या घरची ओतून ती पुन्हा भरायची. गाडीची बाटली म्हणजे बुधली नव्हे, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. शेवटचा घोट घेतला ओब्रादने. त्याने मिशा पुसल्या, कोटाच्या आतून आपली लिटरची बाटली काढली.

चेदोमिर मध्ये पडला. "ओब्रादभाऊ, थांब. गाडी वीसवर बसवलीय."

"मग पंचवीसवर उडेल!"

"ओब्राद, राहू दे ना," त्याची बायको रादमिला घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "त्याची त्याला भरू दे."

"का?" ओब्रादने ग्वोझ्देनकडे वळून विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. "कूम, माझी राकिया तुझ्या गाडीला चालत नाही?"

सगळं अंगण ऐकत होतं. ग्वोझ्देनची स्वतःची राकिया घरी, तळघरात, सात किलोमीटरवर. पण ती इथे हाताशी असती तरी काय फरक पडला असता? कूमच्या या प्रश्नाला एकच उत्तर असतं.

"भर, कूम," तो म्हणाला.

ओब्रादने काठोकाठ भरली. तुतारीवाल्यांनी सूर लावला आणि वरात निघाली. पुढे लाल गाडी. ग्वोझ्देन स्टीअरिंगवर, शेजारी ओब्राद खिडकीतून झेंडा धरून, मागे चेदोमिर, स्तामेना, आणि दोघांच्या मध्ये चाक. त्यामागे मिलोय्कोची काळी गाडी, नाक लाल गाडीच्या शेपटीला लावून.

सपाटीवर काय बहार होती! गाडी शीळ घालत पळत होती. गाडीने फिस्स् केलं की रस्त्याकडेच्या बायका छातीवर क्रूस काढत होत्या. कोबिलाचं पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. काटा रेघेवर पोचला, फवारा सुरू झाला, आणि तिसऱ्या वळणावर गाडी ठसकली.

ग्वोझ्देनने पाय आणखी दाबला. त्याने गिअर खाली घेतला. गाडी आणखी ठसकली. चौथ्या वळणावर, अगदी त्याच दगडापाशी, तिने खोकून खोकून मान टाकली. इंजिन चालू होतं, पण ओढीचं नाव नाही. ग्वोझ्देनने हँडब्रेक ओढला. मागून मिलोय्कोने हॉर्न वाजवला.

"बसून राहा, कूम, झेंडा खाली येऊ देऊ नकोस," ग्वोझ्देन म्हणाला आणि उतरला. चेदोमिरही उतरला. बॉनेट उघडलं. चेदोमिरने बाटलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"अरे, हे तर पा..."

ग्वोझ्देनने त्याच्या बुटावर बूट ठेवला. तेवढ्यात रादमिला उंच टाचांवर धडपडत चढ चढून आली आणि उघड्या बॉनेटच्या आड, नवऱ्याला दिसणार नाही अशी उभी राहिली. ती रडत होती.

"माझंच काम आहे ते," ती कुजबुजली. "ऑपरेशन झाल्यापासून. डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक ग्लास. हा म्हणतो पाच. मग मी पाच ग्लासांत एक बसवला. पिंपातलं काढते आणि विहिरीचं पाणी घालते. त्याला कळलं तर तो मेलाच म्हणून समज. नाहीतर खरी प्यायला लागेल आणि मग खरंच मरेल."

ग्वोझ्देनने मागे पाहिलं. सात गाड्या, आणि प्रत्येक गाडीत चांगली कडक राकिया. बाटली रिकामी करायची, दुसरी भरायची, दोन मिनिटांचं काम. मग गाडी अशी सुटली असती की मिलोय्कोला नुसती धूळ दिसली असती. पण ओब्राद काचेतून, बॉनेटखालच्या फटीतून, त्या बाटलीकडेच टक लावून बसला होता. कूमची राकिया लग्नाच्या दिवशी रस्त्यावर ओतायला कारण द्यावं लागतं, आणि कारण एकच होतं.

फार राग आला ग्वोझ्देनला. रादमिलावर, ओब्रादवर, त्या दगडावर, बत्तीस वर्षांच्या दुधावर. मग त्याने बॉनेट बंद केलं.

"काय झालं?" ओब्रादने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "राकिया फार कडक झाली का?"

"राकियाला काही झालेलं नाही. चूक माझी. स्क्रू उलटा फिरवला मी."

तेवढ्यात मिलोय्को पांढराशुभ्र शर्ट सावरत येऊन पोचला. "ग्वोझ्देन, दे झेंडा. हे वळण तुझ्या नशिबातच आहे."

ग्वोझ्देनने झेंड्याकडे हात नेला. पण ओब्रादने झेंडा छातीशी, शिवणीशी, घट्ट धरला.

"झेंडा मिळणार नाही! माझ्या राकियावर चालणारी गाडी चढावर थांबत नसते!"

ग्वोझ्देनने हात मागे घेतला. मग त्याला हसू आलं.

"खरंय, कूम," तो म्हणाला. "तूच चालव. तुझ्या राकियाला तुझाच हात पाहिजे. पहिला गिअर, हलका पाय. आम्ही मागे टर्बोचा आवाज ऐकत चालतो. स्क्रू कुठे चुकला ते कळायला हवं ना."

स्तामेनाला शब्दाने काही सांगावं लागलं नाही. ती उतरली, लग्नाचा टॉवेल मागच्या काचेवर असा पसरला की आरशात फुलांखेरीज काही दिसू नये, चाक उचलून मिलोय्कोच्या कातडी सीटवर नेऊन ठेवलं, आणि झेंडा घेऊन पुढे ओब्रादशेजारी बसली. रादमिला गाड्यागाड्यांतून फिरली. व्हिडिओवाल्याला तिने बजावलं, "फक्त पुढून घ्यायचं. मागे कॅमेरा वळवलास तर जेवण मिळणार नाही." तुतारीवाल्यांना सांगितलं, छाती फुटेपर्यंत वाजवा. आणि नवऱ्या मुलासकट अकरा पुरुष लग्नाच्या कोटांत, चवड्यांवर, चोरासारखे लाल गाडीच्या मागे जमले.

"माझा शर्ट..." मिलोय्को म्हणाला.

"ढकल," त्याची बायको म्हणाली.

त्यांनी ढकललं. ओब्रादने पाय दिला, गाडी ठसकली, पण चढू लागली. चेदोमिर बाजूने चालत होता, होज कानाला लावून, गंभीर चेहऱ्याने मान हलवत. ओब्रादने मध्येच पाय सोडला की फिस्स् व्हायचं आणि अकराच्या अकरा जण धुरात खोकायचे, तोंडावर हात धरून. तुतारीवाले लाल झाले होते. चौथं वळण गेलं. पाचवं गेलं. ग्वोझ्देनचा खांदा डिकीला होता, आत स्तामेनाच्या बरण्या किणकिणत होत्या, आणि वरात दुधाच्या गाडीपेक्षाही हळू चालली होती, पण एकही माणूस, एकही गाडी, एकही धर्मगुरू त्या झेंड्याच्या पुढे नव्हता. त्याला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

माथ्यापाशी ओब्रादने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा फुलला होता, टोपी मागे सरकली होती.

"कूम!" तो ओरडला. "ओढतेय बघ! पंचवीस ग्राद! तुझ्या वीसला हे जमलं असतं का?"

बाकीच्या दहा जणांनी ग्वोझ्देनकडे पाहिलं. त्याच्या नाकावरून घाम गळत होता आणि पायातला नवा बूट उसवला होता.

"नसतं जमलं, कूम!" त्याने मागून ओरडून सांगितलं, आणि पुन्हा खांदा लावला.